पुस्तकं सुस्थितीत आहेत

पुढील हकिगतीत कोणाचाही दोष नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो. सगळं नियमानुसार झालं, म्हणून तर एवढं झालं.

तापीकाठच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवतो आणि नूतन मॅडम इंग्रजी. पाठ्यपुस्तकापलीकडे इंग्रजीचं एकही पुस्तक शाळेत नव्हतं. मग मॅडम बिस्किटांचे पुडे, खताच्या गोण्या आणि कापसावर फवारायच्या औषधाच्या बाटल्या वर्गात आणायच्या. सातवीची पोरं ‘पॉयझन’ हा शब्द न अडखळता वाचायची. पण हीच पोरं जूनमध्ये शहाद्याला आठवीत जाणार. तिथली पोरं हसतात हो, खेड्यातल्यांना. त्याआधी प्रत्येकाने एक तरी इंग्रजी गोष्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचावी, एवढीच मॅडमची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी अर्जांवर अर्ज केले.

आणि एकदाची पेटी आली. ‘इंग्रजी शिक्षक साहाय्य पेटी’! आत गोष्टींची पुस्तकं, चित्रकार्डं, बोटात घालायच्या कापडी बाहुल्या. मुख्याध्यापक प्रेमचंद सरांनी पेटीला कुंकू लावलं, नारळ फोडला, पेटी कपाटात ठेवली आणि किल्ली करदोड्याला बांधली.

“सर, पुस्तकं वाचायला आलीत ना?” मॅडम म्हणाल्या.

“वाचाले कोन नही म्हनस? पन फाटनं ते जबाबदार कोन?” सर भावनेच्या भरात अहिराणीवर आले. “मन्ही मायले लगनमा भेटेल तांबाना हंडा शे. त्यामा आजवर कोनी पानी भरं नही. म्हनीसन तो आरसासारखा चमकस!”

यावर मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. हंडा मी पाहिलाय, खरंच चमकतो.

मॅडमनी तालुक्याकडे मदत मागितली. मदतीला धर्मेंद्र साहेब आले, इंग्रजी विषयाचे मार्गदर्शक. आता सरांची खरडपट्टी निघणार, असं आम्हाला वाटलं. साहेबांनी कपाट उघडायला लावलं, एक पुस्तक नाकाशी धरलं आणि डोळे मिटून हुंगलं.

“अहो, अजून छापखान्याचा वास येतोय! बाकीच्या शाळांत पुस्तकांवर चटणीचे डाग असतात, पानं दुमडलेली असतात. ही शाळा आदर्श आहे!”

आदर्श ठरल्यावर पुस्तकांना स्वतंत्र खोली देणं ओघानेच आलं. देण्याजोगी खोली एकच होती, सातवीची. सातवी निंबाखाली गेली. पुस्तकं काचेच्या कपाटात मांडली आणि त्यांच्यासाठी पंखा चालू ठेवला. आजूबाजूचे शिक्षक बघायला येऊ लागले. पुस्तकं अशी कोरी कशी राखावीत, यावर व्याख्यान द्यायला मॅडमना गावोगाव पाठवलं जाऊ लागलं. इंग्रजीचा तास तेवढा राहून गेला.

पोरं मधल्या सुट्टीत खिडकीला नाक लावून उभी राहायची. समोरच्या मुखपृष्ठावर एक कोल्हा नावेत बसून नदी ओलांडत होता.

“मॅडम, तो कोल्हा पल्याड पोचना का?” सातवीतल्या काजलने विचारलं.

कोल्हा पोचला की नाही, मॅडमना सांगता येईना. त्यांच्या तरी हाती पुस्तक कुठे आलं होतं? मला फार संताप आला, खरं सांगतो. पण मी पडलो गणिताचा.

मार्चमध्ये शाळेला ‘सुस्थिती पुरस्कार’ मिळाला. द्यायला धर्मेंद्र साहेबच आले. फोटोत एका विद्यार्थिनीच्या हाती पुस्तक हवं, असं ठरलं. काजलचे हात साबणाने धुतले, पुसले, उलटसुलट तपासले आणि कोल्हा तिच्या हाती दिला.

“नुसतं धर हं, बेटा,” साहेब म्हणाले. “उघडायचं नाही.”

फोटो निघाला. आणि काजलने पुस्तक उघडलं. ती मोठ्याने वाचायला लागली, ओळीखाली बोट धरून, अडखळत, इंग्रजीत. एक पान झालं, दुसरं झालं. कोल्ह्याची नाव भोवऱ्यात सापडली. निंबाखालची सगळी पोरं खोलीत घुसली. नूतन मॅडम तोंडाला पदर लावून रडत होत्या.

“ठेव, पोरी! पान मळी जाई!” प्रेमचंद सर ओरडले.

“थांबा ना सर, तो बुडी ऱ्हायना!” कोल्हा बुडत असताना काजल कशी थांबणार?

सरांनी पुस्तक ओढलं. काजल सोडेना. शेवटचं पान टर्रकन फाटून सरांच्या हाती आलं.

चौकशी निःपक्षपातीपणे झाली. सर तर पान वाचवायला गेले होते, त्यामुळे ते निर्दोष. मूळ कारण शोधता शोधता ते सापडलं आणि मॅडमना नोटीस आली: ‘सदर विद्यार्थिनीस वाचता येत असल्यामुळे शासकीय साहित्याची हानी झाली आहे. तिला वाचावयास कोणी व कोणाच्या परवानगीने शिकविले, याचा खुलासा करावा.’

मॅडमनी खुलासा दिला: ‘मी शिकविले. त्याचाच पगार घेते.’ उत्तर उद्धट मानण्यात आलं आणि मॅडमची बदली झाली.

काजल शहाद्याला गेली. कोल्हा बुडाला की वाचला, हे तिला अजून कळलेलं नाही. ते पान पुरावा म्हणून सीलबंद आहे.

काय, हसू येतंय? तुमच्या पोराला वाढदिवसाला मिळालेलं ते चित्रांचं जाड पुस्तक आठवा जरा. ‘आत्ता नको, फाडशील,’ म्हणत तुम्हीच ते वरच्या फळीवर ठेवलंत. पोरगा आता कॉलेजात आहे, वाचनाचं नाव काढत नाही आणि पुस्तक अगदी कोरं आहे. अभिनंदन! यंदाच्या पुरस्कारासाठी तुमचं नाव मी कळवलंय.