तक्रारदार : फुगोबा

नोंदसाहेबांना संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास शांतता हवी असे. बास, एवढंच. बढती, मानमरातब यांची हाव त्यांनी केव्हाच सोडली होती. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीत एकोणीस वर्षं बसलेल्या माणसाला आणखी काय हवं असणार? कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाचा नळ बंदच होत नाही, कुणाच्या पाण्याला वास येतो, आणि एका आजोबांच्या पाण्याला वास येत नाही, म्हणजे खात्याने औषध टाकलेलं नाही! सकाळी दहापासून हे सगळं ऐकायचं आणि शेवटी एकच वाक्य म्हणायचं, "नोंद घेतली आहे." खरं नाव आता सहीपुरतं उरलं होतं. या वाक्यामुळे सगळे त्यांना नोंदसाहेबच म्हणत.

पण गेले आठ महिने तो अर्धा तासही हातचा गेला होता. मेहुणा परदेशी नोकरीला निघाला तेव्हा "पंधराच दिवस, दाजी," म्हणून त्याने आपला खाऱ्या पाण्याचा फिशटँक त्यांच्या बाहेरच्या खोलीत आणून ठेवला. आत मासा एकच, घाबरला की फुगणारा. डोळे मोठे आणि चेहऱ्यावर कायम 'माझ्या कामाचं काय झालं?' असा भाव. लेकीने त्याचं नाव ठेवलं फुगोबा.

मासा बिचारा मुका. बोलत ती त्याची यंत्रं. पंप घुरघुरे, फेस काढणारं यंत्र फसफसे, पाणी थंड ठेवणारं यंत्र दर दहा मिनिटांनी दचकून जागं होई, आणि खालच्या टाकीत पडणारं पाणी ऐकून वाटे की कुणीतरी भिंतीआड दिवसभर गुळण्या करतंय.

"हा आवाज जरा कमी नाही का होणार?" नोंदसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात बायकोला विचारलं.

"नोंद घेतली आहे," भाजी निवडता निवडता ती म्हणाली.

त्यानंतर त्यांनी अकरा वेळा तक्रार केली. लेकीनेही नोंद घेतली. मेहुण्याने फोनवर हसत हसत घेतली. शेवटी ज्याला सांगता येईल अशा एकट्यालाच ते सांगू लागले. सात वाजता फुगोबाला कोळंबी घालायचं काम त्यांच्याकडे होतं. खुर्ची टाकीजवळ ओढायची, चिमट्यात कोळंबी धरायची आणि सुरू व्हायचं, "अरे बाबा, दिवसभर लोकांचं ऐकायचं आणि घरी आलं की तुझ्या पंपाचं. माणसाने जावं तरी कुठं?" फुगोबा काचेशी येऊन सगळं ऐकून घेई आणि कोळंबी गट्ट करी.

खिडकीतल्या एकोणीस वर्षांनी त्यांना एक गोष्ट शिकवली होती. माणूस स्वतःच्या नावाने तक्रार करतो तेव्हा कागद फायलीत जातो. मुक्या जिवाच्या नावाने केली की साहेब खुर्चीतून उठतात. परवाच एकाने आपला कुत्रा दोन दिवस तहानलेला आहे असं लिहून दिलं आणि तिसऱ्या दिवशी त्या गल्लीला नवी पाइप मिळाली. तो माणूस स्वतः वर्षभर तहानलेला होता, त्याचे सात अर्ज अजून कपाटात आहेत.

तेव्हा एका रात्री जेवताना, डोकं फारच ठणकत असताना, नोंदसाहेब सहज बोलल्यासारखं बोलले, "फुगोबा जरा सुकल्यासारखा नाही का वाटत?"

"म्हणजे?" बायकोचा वाढता हात थांबला.

"त्या पंपाच्या आवाजाचा त्रास होत असेल. माशाला म्हणे सगळ्या अंगाने ऐकू येतं. आपल्याला निदान कानात बोटं तरी घालता येतात."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं? धाकट्याने विश्वासाने ठेवलाय तो माझ्याकडे! काही झालं तर काय तोंड दाखवू मी त्याला?"

आठ महिन्यांत झाली नव्हती ती कार्यवाही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाली. शोभेच्या माशांच्या दुकानाचे मालक आले. गिऱ्हाइकं त्यांना डॉक्टर म्हणत आणि ते नाही म्हणत नसत. त्यांनी काचेला कान लावला. "पंप थेट लाकडावर ठेवलाय. लाकूड थरथरतंय, त्याच्याबरोबर काच थरथरतेय. मासा ढोलात राहतोय म्हणा ना!" पंपाखाली जाड रबर आलं, पाणी पडायच्या नळीला वळण मिळालं, थंड करणारं यंत्र गॅलरीत गेलं. संध्याकाळी नोंदसाहेब खुर्चीत बसले आणि त्यांना चक्क स्वतःचा चहाचा घोट गिळलेला ऐकू आला. त्यांना भरून आलं.

पण जाता जाता डॉक्टर म्हणून गेले होते, "आता बाहेरचाही आवाज सांभाळा." बायकोने ते फारच मनावर घेतलं. मिक्सर न्हाणीघरात गेला. दारावरची बेल काढली आणि तिथे पाटी लागली, 'कडी हळू वाजवा. आत मासा आहे.' पाटी वाचून खालच्या मजल्यावरचे काका आजारी माणसाला भेटायला यावं तसे सफरचंदं घेऊन येऊन गेले. लेकीने फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं आणि घरभर फिरून यादी वाचली.

"पंप, अडतीस. कुकर, सत्तर. बाबा, बहात्तर."

"मी?"

"बाबा, तुम्ही कुकरच्या वर आहात. शिट्टी धरून."

खिडकीच्या जाळीतून बोलून बोलून आवाज तसा झाला होता, त्याला ते काय करणार? शिवाय त्यांची खुर्ची कुरकुरते हेही त्याच यादीत निघालं. खुर्ची स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी गेली आणि खुर्चीमागोमाग नोंदसाहेब गेले. फुगोबाला खाऊ घालायचं काम बायकोने स्वतःकडे घेतलं.

"अहो, मुक्या जिवासाठी एवढंही नाही का करता येत?"

"पण मुळात मीच..." नोंदसाहेबांनी पुढचं वाक्य गिळलं. सांगणार काय आणि कुठल्या तोंडाने? आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. बाहेरच्या खोलीत आता टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती, आणि ते आत बसून फ्रिजची घरघर ऐकत होते.

दुरुस्तीनंतर चौथ्या दिवशी, खुर्ची आत गेली त्याच संध्याकाळी, फुगोबाने जेवण सोडलं.

बायको चवड्यांवर चालत जाई, श्वास रोखून कोळंबी आत धरी. फुगोबा दगडामागून बघे आणि पाठ फिरवी. पाचवा दिवस गेला, सहावा गेला. आता तो खरंच सुकला. त्यात मेहुण्याचा फोन आला, सुट्टी मिळाली, रविवारी येतोय. त्या दिवशी बायको टाकीसमोर बसून पदराने डोळे पुसत राहिली, तेही आवाज न करता. नोंदसाहेब फ्रिजशेजारून ते पाहत होते. मासा सुकलाय असं आपण खोटंच सांगितलं आणि तो सुकला. त्या जिवाने आपलं काय वाकडं केलं होतं? आठ महिन्यांत आपलं म्हणणं कुणी पुरतं ऐकून घेतलं असेल तर ते त्यानेच.

शनिवारी डॉक्टर पुन्हा आले. पाणी तपासलं, मीठ तपासलं, कल्ले पाहिले. "आवाज तर कुठेच नाही," ते कुजबुजले. "मग घास का घेत नाही हा?"

नोंदसाहेबांना राहवलं नाही. ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि बहात्तरच्या बहात्तर आवाजात म्हणाले, "डॉक्टर, चूक माझी आहे! त्याला कसलाही त्रास नव्हता, मला होता! दिवसभर लोकांचं ऐकून डोकं फुटायची वेळ येते हो. घरी यावं तर तिथे पंप! आणि सांगावं कुणाला? जो तो नोंद घेतो!"

"बाबा, हळू!" लेक म्हणाली. "अय्या, बाबा, तिकडे बघा!"

फुगोबा दगडामागून निघून थेट काचेशी आला होता. डोळे मोठे, तोंड उघडं.

"अहो, थांबू नका!" बायकोने चिमटा त्यांच्या हातात कोंबला. "बोला!"

"काय बोलू?"

"काहीही! तक्रार करा!"

"माझी खुर्ची फ्रिजशेजारी नेऊन टाकली..." फुगोबाने पहिली कोळंबी गट्ट केली. "माझ्या घरात मला बहात्तर म्हणतात..." दुसरी गेली. "आणि न्हाणीघरात अंघोळीला गेलं तर तिथे मिक्सर!" तिसरी नीट चावायलाही तो थांबला नाही.

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. "पंपाचं केलंत ते चांगलंच केलंत. पण साहेब, तुमचा आवाज म्हणजे याची जेवणाची घंटा आहे. आठ महिने तक्रार ऐकत जेवलाय तो. आता रोज सात वाजता, अर्धा तास, टाकीसमोर बसून तक्रार करायची. आणि मनापासून करा, नाहीतर आवाज तसा लागायचा नाही."

रविवारी मेहुणा आला, फुगोबाला पाहिलं, नोंदसाहेबांना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "दाजी, हा तुमच्याशिवाय राहायचा नाही. तुम्हीच ठेवा." या वेळी निघताना तो "पंधरा दिवस" म्हणाला नाही.

खुर्ची जागेवर आली. पंप आता ऐकू येत नव्हता, चहा न मागता येत होता, लेक दार हळू लावत होती. नोंदसाहेबांना हवी होती ती शांतता अखेर मिळाली, आणि त्या शांततेत रोज अर्धा तास न थांबता बोलायची सक्ती झाली. पहिले चार दिवस निभावलं. पाचव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की तक्रारी संपल्या. फुगोबा समोर 'माझ्या कामाचं काय झालं?' असा बघत होता.

सहाव्या दिवसापासून ते कचेरीतून पिशवीभर अर्ज घरी आणू लागले. "चारशे बारा. तीन दिवस नळाला थेंब नाही." गट्ट. "चारशे तेरा. पाणी येतं, पण गढूळ येतं. चारशे चौदा..."

"अहो, जरा हळू वाचा ना!" आतून बायको ओरडली. "रोज रोज ती नळांची रडगाणी! डोकं उठलं माझं. अर्धा तास शांतता म्हणून नाही या घरात!"

नोंदसाहेबांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी पुढची कोळंबी चिमट्यात धरली.

"नोंद घेतली आहे," ते म्हणाले.