एक जूनचा भार

एक जून ही तारीख प्रमाणाबाहेर भरल्यामुळे वडजाई तालुक्यात गेल्या वर्षी ती एकतीस तास चालली. दोन जून उगवायला सात तास उशीर झाला, बायकांनी एकाच तारखेत दोनदा दूध तापवलं, आणि तारीख नियोजन कार्यालयाने भार कमी करण्याचं काम हाती घेतलं.

भार कशाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वी बाप पोराला शाळेत घालायला यायचा. गुरुजी जन्मतारीख विचारायचे. बाप म्हणायचा, "आमची तांबडी म्हैस व्याली ना, त्याच आठवड्यात." गुरुजी सहा वर्षं मागे मोजायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. अशा रीतीने निम्मा तालुका एकाच दिवशी जन्मला. त्यात पहिली एस.टी. त्याच तारखेला सुटलेली. शिवाय दूध दिन, एक तह, दोन राज्याभिषेक, एका नामवंत पहिलवानाची जयंती. आता शिट्टी दिनाचाही अर्ज आला होता.

पाटबंधारे खात्यात आरेखक असलेले जालिंदर नाईकनवरे नोटीस घेऊन कार्यालयात गेले. नोटीस त्यांच्या बायकोच्या, कुंदाच्या नावाने होती. आपली खरी जन्मतारीख पंधरा दिवसांत कळवावी, अन्यथा आपला वाढदिवस रद्द समजण्यात येईल. कुंदाला जाऊन तीन वर्षं झाली होती.

खिडकीत गव्हाणे बाई होत्या.

"खरी तारीख सांगा."

"तिलाच माहीत नव्हती."

"आईला विचारायचं तिच्या."

"त्या तिच्या आधी गेल्या."

"मग रिकाम्या तारखेत घ्या." बाईंनी रजिस्टर उलटलं. "सोळा सप्टेंबर बघा. दुपारी तीननंतर अगदी मोकळी असते. शेजारीपाजारी कुणी नाही, एका साकवाचं उद्घाटन तेवढं आहे. त्रास नाही त्याचा."

"बाई, चोवीस वर्षं आमच्याकडे एक जूनलाच शिरा होतो."

"शिरा काय, कुठल्याही तारखेला होतो."

मागे शिट्टी दिन समितीचे अध्यक्ष बाबाराव टोणगे उभे होते. ते म्हणाले, "आवरा की हो साहेब. गेलेल्या माणसाला वाढदिवस कशाला लागतो?"

"शिट्टीला कशाला लागतो?" नाईकनवरे म्हणाले.

"शिट्टी हे समाजकार्य आहे," टोणगे म्हणाले आणि पुरावा म्हणून त्यांनी एकदा वाजवून दाखवली. बाईंनी तशी नोंद घेतली.

"तो तह तरी काढा," नाईकनवरे म्हणाले. "अकरा दिवसांत मोडला होता."

"मोडला, पण झाला होता ना? इतिहास जिल्ह्याच्या अखत्यारीत येतो. नामवंतांचं वजन धरत नाहीत. आमच्याकडे फक्त घरगुती वाढदिवस." बाईंनी चष्मा वर केला. "तुमची स्वतःची तारीख काय?"

"एक जूनच. त्याच गुरुजींनी लिहिलेली. मी एका वर्षाने मोठा."

या एका वर्षावरून घरात दर एक जूनला तोच खेळ व्हायचा. शिरा ताटात वाढला की कुंदा पदर खोचून म्हणायची, "थांबा, आधी वडीलधाऱ्यांना नमस्कार करू दे," आणि वाकायची. नाईकनवरे म्हणायचे, "राहू दे, राहू दे." मग ती अर्ध्यातूनच हसत उठायची. पुरती कधी वाकली नाही.

"मग सोपं आहे," बाई म्हणाल्या. "घरटी एक वाढदिवस ठेवता येतो. एक सोडा, एक राहील."

"माझा सोडतो."

"विचार करा हं. वाढदिवस नसला की वय वाढत नाही. चौपन्नचे चौपन्नच राहाल. रिटायर व्हायचं नाही, बसमध्ये ज्येष्ठांची जागा मागायची नाही. नंतर तक्रार चालणार नाही."

"आणि तिचं?"

"नोंद चालू, तर वय चालू. आज त्रेपन्न आहेत. या जूनला चौपन्न होतील."

"एवढ्यासाठी कुणी आपलं वय थांबवतं का?" टोणगे म्हणाले.

नाईकनवऱ्यांनी त्यांच्याकडे सहीसाठी पेन मागितलं. टोणग्यांनी ते दिलं. रिकामी झालेली जागा शिट्टी दिनाला मिळाली.

त्या वर्षी एक जून सव्वीस तासांत आटोपला. कार्यालयाचं कौतुक झालं. वरचे दोन तास नाईकनवरे कुंदाच्या फोटोसमोर बसून होते. दोघंही आता चौपन्नचे होते. कोणी कोणाला वाकायचं हे नियमात बसेना, त्यामुळे नमस्कार झाला नाही. शिरा तेवढा झाला.

पुढच्या वर्षी खात्याने निवृत्तीच्या यादीतून त्यांचं नाव कायमचं वगळलं. तसं पत्र मे महिन्यात आलं. त्यांनी ते फाईलला लावलं.

एक जूनला सकाळी टोणग्यांची शिट्टी वाजली. नाईकनवऱ्यांनी रवा भाजला, साखर घातली, वेलदोडा घातला नाही. कुंदाला वेलदोडा दाताखाली आलेला चालत नसे. ताट फोटोपुढे ठेवलं, हात पुसले. ती पंचावन्नची झाली होती.

"थांब," ते म्हणाले, "आधी वडीलधाऱ्यांना नमस्कार करू दे."

आणि ते वाकले. राहू दे म्हणायला कोणी नव्हतं, त्यामुळे पुरते वाकले.