दहापैकी दोन

सेतुमाधवराव कुणालाही "कसं काय" असं विचारत नसत. "दहापैकी किती?" असं विचारत. जिन्यात भेटले की माझ्या गुडघ्यांचं दुखणं विचारत, दूधवाल्याच्या कंबरेचं विचारत, आणि उत्तर ऐकून मान डोलवत पुढे जात. सवय इतकी जडलेली, की मी एकदा पिठलं दिलं तर त्यालाही त्यांनी दहापैकी चार दिले. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, तो अपमान वेगळा.

आम्ही तेव्हा चेन्नईत, अण्णा नगरला राहत होतो. ह्यांची नोकरी अंबत्तूरच्या कारखान्यात, मी साताऱ्याहून लग्न होऊन आलेली, आणि समोरच्या दारात हे तंजावरी मराठी गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एका सरकारी इस्पितळात फार्मासिस्ट होते. अफूपासून केलेली दुखणं मारायची औषधं ज्या कपाटात असत, त्याची किल्ली वर्षानुवर्षं रावांच्या कमरेला. निवृत्त झाल्यावर किल्ली गेली, पण बोलता बोलता हात कमरेशी जायचाच.

त्यांचं मराठी शेकडो वर्षांपूर्वी घरातून निघालेलं आणि तेव्हापासून तमिळांकडे मुक्कामाला असलेलं. 'म्हणजे'ला 'मणजे' म्हणत, मला 'वैनी' म्हणत, आणि मी मनातल्या मनात त्यांना सुधारत असे. पंचावन्न वर्षांची होते. जगातलं शुद्ध मराठी, जगातलं पिठलं आणि जगातली सगळी औषधं मला ठाऊक होती.

मग ते स्वाइन फ्लूचं वर्ष आलं. पुण्याला लेक बाळंत झाली, आमची पहिली नात. हे पुढे गेले. मी डिंकाचे लाडू करून बारशाला पोचणार होते. लाडू वळून झाले आणि मला खोकला सुरू झाला. गाडी परवाची. गावात ज्याच्या-त्याच्या तोंडावर मास्क, कुणी खोकलं की बसमधली शेजारची जागा रिकामी. जिन्यात रोज नवा उपाय निघे. मिरीचं रसम, कडुनिंब, गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी.

माझा शोध मात्र स्वतंत्र होता. रोग पसरतो खोकल्यातून. खोकलाच येऊ दिला नाही, तर रोग आतल्या आत कोंडून राहील. कुणाला काय लागणार? हा विचार सुचल्यावर मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी तडक समोरचं दार वाजवलं.

"राव, खालच्या औषधवाल्याला सांगा ना. कोडीनचं खोकल्याचं औषध तो मला चिठ्ठीशिवाय देत नाही."

"मणजे दुकानदार शहाणा आहे."

"तुमचं ऐकेल तो."

"वैनी, कोडीन मणजे मॉर्फीनची धाकटी बहीण. तिला अशी बोलवू नये. कशाला हवी?"

मी माझा शोध सांगितला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, हे आज आठवलं की मलाच लाज वाटते.

"आणि ताप आला मणजे?"

"पॅरासिटॅमॉल घेईन."

"मग थर्मामीटर बरा होईल. तुम्ही नाही. अहो, हे बोलण्यातूनही जातं. गाडीत आणि बारशात तुम्ही न बोलता बसणार?" मग थांबून म्हणाले, "बाळ किती दिवसांचं?"

"नऊ."

"मी सांगणार नाही दुकानात."

"तुम्हाला कुठं नातवंडं आहेत," मी म्हटलं. "तुम्हाला काय कळणार."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि दार हळू लावून घेतलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग असं मोडून आलं की उठून दाराची कडी काढताना भिंत धरली. दारात राव. तोंडाला मास्क, हातात पेजेचा फ्लास्क. तो उंबऱ्याशी ठेवून चार पावलं मागे सरकले.

"दुखतंय? दहापैकी किती?"

उद्या गाडी होती. मी ताठ उभी राहिले. "दोन."

राव एकदम जिन्याच्या पायरीवर बसले.

"दोन म्हणू नका वैनी. दोनवर माझा विश्वास नाही." हात कमरेशी गेला. "माझी सुभद्रा दोन म्हणायची. कॅन्सर हाडात गेला होता. रोज संध्याकाळी घरी आलो की मी विचारायचो. दोन. तिच्या मॉर्फीनचा कागद वरच्या सहीसाठी अडकलेला आणि किल्ली माझ्यापाशी. तिला ठाऊक होतं, आठ म्हटलं तर हा कागदावाचून कपाट उघडेल, नोकरी जाईल, तुरुंगात जाईल. मणून दोन."

"तुम्हाला कसं कळणार होतं, राव?"

"कळत होतं. ओठ चावून काळे पडले होते तिचे. पण ती दोन म्हणायची, आणि मला ते चालायचं."

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती काही सुरू होईना.

"आठ," मी म्हटलं. "सगळ्या अंगात."

"बरं," ते म्हणाले आणि डॉक्टरांना फोन करायला उठले.

मी लेकीला कळवलं, येत नाही. बारसं फोनवरून ऐकलं. नावापेक्षा भांड्यांचाच आवाज जास्त आला. राव जिन्यात उभे होते. नाव विचारलं, एक लाडू खाल्ला. "सहा," म्हणाले. पिठल्यापेक्षा दोन जास्त.

आता मी पुण्यात लेकीकडे असते आणि राव तांबरमजवळच्या एका वृद्धाश्रमात. दर रविवारी फोन येतो. गुडघे सात, मान पाच, मी सगळं खरं सांगते, तपशिलासकट. नात कंटाळून दुसऱ्या खोलीत जाते. मागच्या रविवारी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मी उलटं विचारलं.

"आणि तुमचं, राव? दहापैकी किती?"

"दोन."

"दोनवर माझा विश्वास नाही."



"सहा," ते म्हणाले. "संध्याकाळी आठवर जातं."