चौथ्या खांबाचं गाऱ्हाणं

पोफळी गावातल्या त्या तीनमजली इमारतीला खाली चार खांब होते. तीन खांबांना हादऱ्यात टिकावेत म्हणून काळं कार्बनचं कापड गुंडाळून झालं होतं. चौथा खांब महिपतनानांच्या स्वयंपाकघराखाली होता. मुलगी राहीने ठाण्याहून बजावलं होतं, "बाबा, तो खांब झाला नाही, तर तुम्ही इकडे यायचं. हादऱ्यांच्या गावात एकटं राहायचं नाही."

नानांना ठाण्याला जायचं नव्हतं. बायको मालन जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तिच्या बरण्या अजून फळीवर होत्या.

तिसरा खांब झाला त्याच दुपारी एक बारीक हादरा बसला. वरच्या मजल्यावरच्या गंगुवहिनी खाली आल्या. "नारळ दिलात काय? नाय ना? मग!"

कामगारांनी हत्यारं खाली ठेवली. देवापुढे गाऱ्हाणं झाल्याशिवाय चौथ्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. गाऱ्हाणं घालावं तर नानांनीच.

पुण्याचा इंजिनिअर हर्षद म्हणाला, "घाला की. दोन मिनिटांचं काम."

"आधी माल कालवा," गंगुवहिनी म्हणाल्या. "रिकाम्या बादलीपुढे गाऱ्हाणं कसलं?"

कापड खांबाला चिकटवायचं रेझिन एकदा कालवलं की पंचवीस मिनिटांत दगड होतं. हर्षदकडे तीन डबे उरले होते. संध्याकाळी तो निघाला की चार महिने येणार नव्हता.

नाना उभे राहिले. "बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवा महाराजा..."

"होय महाराजा!"

नाना एकेका देवाला नावाने हाक मारत गेले. नारळ फुटला तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. बादलीत ब्रश ताठ उभा होता, तो दोघांना उपटेना.

"नाना, जरा थोडक्यात," हर्षद म्हणाला.

"थोडक्यातच होतं ते."

दुसऱ्या डब्याला नानांनी खरंच घाई केली. वीस मिनिटांत नारळ उचलला, तेवढ्यात गंगुवहिनी म्हणाल्या, "नाना, मालनच्या माहेरची देवी राहिली ओ."

ती राहून चालणार नव्हती. आणि मधेच तुटलेलं गाऱ्हाणं पहिल्यापासून घालावं लागतं. दुसरी बादली पहिलीशेजारी ठेवण्यात आली.

"पूर्वी एवढं लांबत नसे," एक कामगार म्हणाला.

"पूर्वी मालन मागे उभी असायची," गंगुवहिनी म्हणाल्या. "पुरे झालं की दोनदा खोकायची."

नानांनी नारळ पुन्हा पुढे ठेवला. शेवटचा डबा उघडला. त्यांनी सुरुवात केली, पहिल्याच दमात मालनच्या माहेरची देवी घेतली, आणि मग सातव्या गावाच्या वेशीवर गाडी रेंगाळली. हर्षद घड्याळाकडे बघत मागे सरकला. तिथे खांब घासलेल्याची धूळ होती. त्याला ठसका लागला. तो दोनदा खोकला.

नाना वाक्याच्या मध्येच थांबले. "...तर जो काय हा खांब आहे, तो सांभाळ रे महाराजा!"

नारळ फुटला. बारा मिनिटं झाली होती. आणखी दहा मिनिटांनी खांब काळा झाला.

नानांनी राहीला फोन लावला. "झाला गं खांब. गाऱ्हाणं घालूनच."

"गाऱ्हाणं कुणी आवरलं?"

"इंजिनिअर खोकला."

राहीने विचारलं, "किती वेळा?"

"दोनदा."

फोन ठेवून ते वळले, तर गंगुवहिनी हर्षदसाठी आल्याचा काढा घेऊन आल्या होत्या.

"तो नका देऊ," नाना म्हणाले. "चार महिन्यांनी मागच्या इमारतीचं काम हाय. तोवर खोकला राहू दे तसाच."