गुरुदासांचं ढोपर आणि राखणदाराचा कोंबडा

गुरुदास परबांचं डावं ढोपर दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी सगळा दोष क्लचवर ढकलला. उभा जन्म मालवण-सावंतवाडी रस्त्यावर एसटी चालवली, कट्टा गावाच्या चढावर क्लच दाबून दाबून ढोपराचं वंगण संपलं, असं ते सांगत. मालवणच्या डॉक्टरांनी संधिवात म्हटलं, मलम दिलं आणि रोज थोडं चालत राहा, असंही सांगितलं. हे शेवटचं फुकटचं असल्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

ठाण्याहून सूनबाईंनी, रसिकाने, हर्बल गोळ्यांचा मोठा डबा पाठवला. डब्यावर एक पांढऱ्या केसांचा गृहस्थ समुद्रकाठी धावत होता. त्याच्याकडे बघूनच गुरुदासांना दम लागला. डबा त्यांनी फळीवर चढवलाच होता, पण मुलगा बापाला ओळखून होता.

"बाबा, तुम्ही घेणार नाही, मला माहितीय," विनीत म्हणाला. "उद्यापासून रोज सकाळी व्हिडिओ कॉल. माझ्यासमोर गिळायची."

विनीत ऑफिसात साहेब होता आणि काळजीसुद्धा साहेबी, शुद्ध मराठीत करायचा. त्याआधी त्याचा फोन रविवारी यायचा. जेवलात? बरे आहात? ठेवतो. एवढ्यात रविवार आटपायचा. बायको, सावित्रीबाई, गेल्यापासून घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. टीव्ही बोलायचा खूप, पण ऐकून काही घ्यायचा नाही.

आता घरात व्हिडिओपुरती रेंज असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण वाडीत साधा फोन कसाबसा लागायचा, व्हिडिओ नाही. घराच्या मागची पायऱ्यांची घाटी चढून सड्यावर, वरच्या कातळमाळावर, जायचं, तिथे राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, ठाण्याजवळ एक काळा धोंडा होता, त्याच्यावर बसलं की फोनमध्ये माणूस दिसायचा. गुरुदास काठी टेकत, सूनबाईंना आणि गोळ्या बनवणाऱ्याला समान शिव्या देत वर पोचले. विनीतचा चेहरा दिसला. गोळी तोंडात गेली.

"आ करा. जीभ वर करा. गुड," विनीत म्हणाला. आणि एवढ्या लांबून फोन लावलाच आहे तर लगेच काय ठेवायचा, म्हणून बोलत बसला. बाजारात बांगडा आला का, माडांना पाणी कोण घालतं, तिकडे लिफ्ट कशी बंद पडते. दुसऱ्या दिवशीही तेच. गुरुदास पहाटेच दाढी करून तयार राहू लागले.

मग एका सकाळी घाटी उतरताना त्यांच्या मनात भलताच विचार आला. ढोपर बरं झालं तर? गोळी बंद. गोळी बंद म्हणजे फोन बंद. दुखणं सांभाळून वापरायला हवं होतं.

तेव्हापासून गोळी गालात राहू लागली. जीभ वर केली तरी गाल कोण बघतो? फोन ठेवला की गोळी खिशात आणि घरी आल्यावर खिशातली गोळी अंगणात. अंगणात शेजारच्या हौसाबाईचा तांबडा कोंबडा चरायला यायचा. तो एका पायाने लंगडा होता, त्यामुळे दाण्यापर्यंत नेहमी शेवटी पोचायचा. ह्या हिरव्या दाण्याला मात्र दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

पण ढोपर दगाबाज निघालं. गोळी पोटात जात नसताना ते बरं व्हायला लागलं. काठी घरी राहू लागली. गुरुदास आता घाटी झपाझप चढत आणि धोंडा दिसला की ठरवून लंगडायला लागत. एकदा घाईघाईत भलतंच ढोपर चोळलं गेलं.

"बाबा, उजवं कशाला चोळताय? काल डावं होतं ना?"

"आता दोनय दुखतत रे," गुरुदास कण्हले.

"असं? मग सकाळ-संध्याकाळ दोन गोळ्या घ्या. संध्याकाळीही फोन करतो."

गुरुदासांना धोंड्यावरच नाचावंसं वाटलं. पण दोन्ही ढोपरं दुखत असल्यामुळे तसं करता येईना. त्या दिवसापासून फोनही दोन, घाट्याही दोन आणि कोंबड्याची न्याहारीही दोनदा.

हौसाबाई ही एकटीच राहणारी, मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची बाई. शेजाऱ्याचं कण्हणं ऐकवेना म्हणून तिने राखणदाराला परस्पर नवस बोलून टाकला होता. परबांचं ढोपर बरं होऊ दे, तुला तांबडा कोंबडा देईन. एका सकाळी ती घाटीत सुकी पानं गोळा करत होती आणि तिच्या डोळ्यांसमोरून परब दोन-दोन पायऱ्या एकदम घेत वर गेले. तिने पानांची पाटी तिथेच टाकली आणि हात जोडले.

संध्याकाळी विनीत गोळीची वाट बघत असतानाच हौसाबाई काखेत कोंबडा घेऊन सड्यावर हजर झाली.

"परबानू, राखणदार पावलो हो! सकाळी घाटयेर बघलंय मी तुमका. बोकडासारखे चढत होतात!"

"अगो हौसाबाय, हळू! फोन चालू आसा!"

"असांदे मगे! तुमच्या ढोपरासाठी कोंबो बोललंय मी. आता देवकच व्हयो."

"कोण आहे, बाबा?" फोनमधून आवाज आला. "कुणाचं ढोपर बरं झालं?"

"विनीता, तुझ्या बापाशीचा!" हौसाबाई फोनवर वाकून ओरडली. "धडधडीत बरा झाला!"

ती वाकली आणि काख सैल झाली. कोंबडा निसटला. तो लंगडा कोंबडा सड्यावरून असा काही सुटला की हौसाबाईच्या तोंडाचा आ वासला.

"शिरा पडली तुझ्या तोंडार!" तिने कोंबड्याला शिवी हासडली. "धरा तेका, परबानू! बोललेलो कोंबो गेलो तर राखणदार सोडूचो नाय!"

आपल्या ढोपराच्या बदल्यातला कोंबडा पळतोय म्हटल्यावर गुरुदासांना दुसरं काही सुचलं नाही. ते धावले. करवंदीच्या जाळीला वळसा घालून धावले, एका दगडी गडग्यावरून उडी मारून धावले. हातातला फोन तसाच चालू होता. तिकडे ठाणे शहरात विनीतला आभाळ दिसलं, मग काजूची झाडं, मग बापाची उजवी चप्पल, मग पुन्हा आभाळ. कोंबडा काजूच्या राईत गडप झाला तेव्हा गुरुदास थांबले आणि फोनकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही धावलात!" विनीत ओरडला. "रसिका, अगं बघ, गोळ्यांनी कमाल केली! चला, माझी काळजी मिटली. आता रोज तुम्हाला घाटी चढायची शिक्षा नको. रविवारी बोलू."

फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी गुरुदास पहाटे दाढी करून घाटी चढले. फोन येणार नाही हे माहीत होतं, तरी धोंड्यावर बसून राहिले. रेंज भरपूर होती. रोज ते जात, बसत आणि ऊन तापलं की खाली येत. ढोपरात एक कळ येईल तर बरं, असं वाटायचं. ती येत नव्हती. इतकं एकटं त्यांना सावित्रीबाई गेल्या तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा निदान घर माणसांनी भरलं होतं.

रविवारी फोन आला. विनीत खुशीत होता.

"बाबा, माझाही गुडघा हल्ली कुरकुरतो. बसून बसून. रसिकाने माझ्यासाठीही तोच डबा मागवलाय. तुमचं उदाहरण समोर आहे ना! उपाशीपोटी घ्यायची की जेवून?"

एक थाप मारली की सगळं झाकलं जाणार होतं. पण पोरगा त्या गोळीच्या भरवशावर बसून राहिला असता.

"विनीत, ते गोळये मी खावकच नाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"गालात ठेवत होतंय. ते हौसाबायच्या कोंब्यान खाल्ल्यान. ढोपर बरा झाला तर तू फोन करूचंस नाय, म्हणान."

"पण मग बरं कशानं झालं?"

"तुझ्या फोनान. दोन-दोन येळा घाटी चढत होतंय रे. डॉक्टरान चालाक सांगल्यान होता, ता तुझ्यासाठी झाला."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. गुरुदासांनी फोन हलवून बघितला, डोक्यावर धरून बघितला.

"हॅलो? विनीत? रेंज गेली काय?"

"रेंज आसा, बाबा," विनीत हळूच म्हणाला. किती वर्षांनी तो फोनवर मालवणीत बोलत होता. "मीच नाय होतंय."

सोमवारी सकाळी गुरुदास सवयीने धोंड्यावर बसले होते आणि फोन वाजला. विनीत दिसला तो धापा टाकत, घामाघूम, पाठीमागे इमारतींचं आवार.

"बाबा, चालाक इलंय. डबो परत धाडलंय. तुमी पोचलात वर?"

"कवाच! तू जीभ दाखव बघू. गालात काय नाय मां?"

विनीत हसला आणि धाप लागून खोकत राहिला. तेवढ्यात काजूच्या राईतून खणखणीत बांग ऐकू आली.

"ह्यो तोच कोंबो?" विनीतने विचारलं. "अजून गावलो नाय?"

"खंयचो गावता!" गुरुदास म्हणाले. "सगळे गोळये तेच्याच पोटात. आता तो राखणदाराकय गावाचो नाय."