भोंग्याची तपासणी

जेवणाच्या सुट्टीचा भोंगा एकाच दुपारी तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या त्या कारखान्याचे दोनशे कामगार तिसऱ्यांदा डबे घेऊन बाहेर पडले. डबे कधीच रिकामे झाले होते. पण भोंगा वाजला म्हणजे सुट्टी, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

भोंगा कॉम्प्युटरला जोडायची कल्पना प्रसेनजीतची. तो देखभाल विभागात सहा महिन्यांपूर्वीच लागला होता आणि अजून कायम व्हायचा होता. मॅनेजर गणपतरावांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. सोमवारी पुण्याची मोठी पार्टी कारखाना बघायला येणार होती. तिच्यासमोर असा तमाशा झाला तर ऑर्डर जाईल आणि ऑर्डरीपाठोपाठ प्रसेनजीतही, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. कामगारांनाही ताकीद गेली, की सोमवारी भोंग्याआधी जो जागेवरून हलेल त्याचा त्या दिवसाचा खाडा.

"भोंगा नको त्या वेळी वाजायचा न्हाय," ते म्हणाले. "एकदा बी न्हाय. लिहून दे मला."

लिहून देण्याआधी प्रसेनजीतला खात्री हवी होती. राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत बसून त्याने एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते प्रोग्रॅम तपासायचं. आपण नियम सांगायचा. मग लाईट जाईल, येईल, घड्याळ अडखळेल, अशा सगळ्या शक्यता चाळून नियम कुठे मोडतो ते दाखवायचं. प्रसेनजीतने साहेबांचं वाक्य जसंच्या तसं नियम म्हणून घातलं. चूक लगेच सापडली. लाईट जाऊन आली, की भोंगा एकदा वाजून गेलाय हे प्रोग्रॅम विसरत होता. त्याने चार ओळी वाढवल्या: लाईट आली की भोंग्याला कुलूप. हाताने वाजवायचं बटणही काढून टाकलं, उगाच कुणी दाबायला नको. सॉफ्टवेअरने एक लाख ऐंशी हजार शक्यता तपासल्या आणि सांगितलं, चुका शून्य.

सोमवारी पाहुणे आले. सकाळी दहाला लाईट पाच मिनिटं गेली आणि आली. जेवणाच्या सुट्टीचे साडेबारा वाजले, भोंगा वाजला नाही. कामगारांनी घड्याळाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि खाडा आठवून पुन्हा मशीनवर मान घातली. एक वाजला. आमच्याकडं बाराच्या ठोक्याला लोक हात धुवायला पळतात, असं पाहुण्यांपैकी एकजण कौतुकाने म्हणाला. गणपतराव हसले. त्यांच्याही पोटात कावळे ओरडत होते, पण आता पाहुण्यांदेखत उठणार कसं? प्रसेनजीत कॉम्प्युटरकडे धावला. प्रोग्रॅम उत्तम चालू होता.

दीड वाजता कँटीनच्या झुंबरबाई परात आणि पळी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"रस्सा तीनदा गरम केलाय," त्या म्हणाल्या. "आता जेवा, न्हायतर मी चालले घरला." आणि त्यांनी परात वाजवली. दोनशे माणसं एका दमात उठली. गणपतराव सगळ्यांत पुढे होते.

असली शिस्त कुठेच पाहिली नाही, असं म्हणत पाहुण्यांनी ऑर्डर दिली. ते गेल्यावर गणपतरावांनी प्रसेनजीतला विचारलं, तपासलेला भोंगा गप्प कसा बसला?

"साहेब, नको त्या वेळी वाजू नये एवढंच आपण सॉफ्टवेअरला विचारलं. पाहिजे तेव्हा वाजावा हे विचारलंच न्हाय. कधीच न वाजणारा भोंगा नको त्या वेळी बी वाजत न्हाय की."

गणपतराव खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजे चूक माझी व्हय?"

"वाक्य तुमचं, साहेब. घातलं मी."

उशिरा जेवायला बसल्यावर प्रसेनजीतने झुंबरबाईंना सहज विचारलं, मावशी, भोंगा नसला तर परात कधी वाजवायची ते कसं ठरवता?

"त्यात काय ठरवायचं? जेवण तयार झालं की वाजवायची. तयार हुईस्तवर हात लावायचा न्हाय."

प्रसेनजीतने घास ताटात ठेवला आणि डाव्या हाताने पेन काढून दोन्ही वाक्यं टिपून घेतली. संध्याकाळी जेवणाच्या जागी साडेबारा घालून ती सॉफ्टवेअरला दिली. दोन सेकंदांत चूक समोर आली. कुलूप लागत होतं, पण ते उघडणारी ओळ त्याने कुठेच लिहिली नव्हती.