मारोतीनं पास केलेलं नाणं

खोटा माणूस अन् खोटं नाणं मी वासावरून ओळखतो! एकदा एका खोट्या रुपयाकडे मी नुसतं रोखून पाहिलं, तर तो घामानं ओला झाला. अख्ख्या सौंसरला विचारा!

म्हणून माझी नात दामिनी मखमली डबी घेऊन आली, तेव्हाच माझ्या नाकाला खाज सुटली. डबी दिली होती तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं, पांढुर्ण्याच्या अभिजीतनं. आत भाकरीएवढं चकचकीत नाणं!

"शंभर रुपयांचं हाये, आबाजी! ते नोकरीले हायेत त्या राष्ट्रीय विद्यापीठाले दहा वर्षं झाले म्हणून सरकारनं काढलं. उद्या साक्षगंधात आंगठीच्या ताटात ठेवाचं हाये."

"दहा वर्षं? अवं, आपली म्हैस बारा वर्षांची हाये! तिचं नाणं काढलं काय सरकारनं?"

"आबाजी, शक नका घेऊ न!"

कसा नको घेऊ? नाणं खोटं तर नोकरी खोटी, नोकरी खोटी तर पोट्टाच खोटा! नातीच्या जन्माचा प्रश्न. दुपारी डबीतलं नाणं हळूच धोतरात खोचलं अन् निघालो.

पानठेल्यावरचा मनोहर म्हणाला, "काकाजी, हे मेडल कोणत्या शर्यतीचं?" किराणावाल्यानं तर हातच जोडले. सोनार म्हणाला, "आवाज तं बरा हाये." पण डोळे मिचकावत! सोनारानं डोळे मिचकावले की माझा संशय दुप्पट होतो.

शेवटी थेट जामसांवलीच्या मारोतीचं देऊळ गाठलं. खोटं नाणं मारोती पोटात घेत नाही, हे आमच्या आज्याचं शास्त्र! दानपेटीच्या फटीवर नाणं टेकवलं. फट बारीक, नाणं जाड. खोटं असेल तर अडकेल. अडकणारच होतं!

खण्ण!

मी नाचतच घरी आलो. "खरं निघालं! पोट्टा खरा, नोकरी खरी! मारोतीनं एका घासात घेतलं!"

"अन् नाणं कुठं हाये?" माझ्या बायकोनं, देवकाबाईनं, विचारलं.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

दामिनी रडायलाच लागली. देवकाबाई कडाडली, "काय करून राहिले वो तुमी? खोटं असतं तं वापस तरी आलं असतं!"

साक्षगंधात अभिजीतच्या आईनं, सुधाबाईंनी, विचारलंच, "नाणं कुठं आहे?"

मी छाती फुगवून म्हणालो, "जामसांवलीला वाहिलं. जावयाच्या नावानं!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अभिजीत मात्र माझ्याकडे एकटक पाहून राहिला. भारी शकी पोट्टा!

मग आंगठी सगळ्यांच्या हातून फिरली. माझ्यापाशी येताच देवकाबाईनं वरच्यावर उचलली. "तुमी राहू द्या! मारोतीचं पोट भरलं आता."

त्यामुळे आंगठी खरी होती का नाही, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही!